नारळासकट शून्य

गोळ्यांच्या खोक्यातून निघालेला कागद रसिकाने उलगडला तेव्हा शेगडी सोडून सगळा ओटा झाकला गेला. एवढा मोठा कागद तिने याआधी फक्त जमिनीच्या मोजणीचा पाहिला होता. त्यात एकेचाळीस दुष्परिणाम होते. डोकं दुखणं, अंगातून वाफा निघणं, पोट फुगणं, नजरेसमोर तिरीप येणं, झोप न लागणं, झोप फार लागणं. झोपेची ही दोन एकाच ओळीत होती, म्हणजे कंपनीने दोन्ही बाजूंनी हात झटकलेले. रसिकाचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. सहा वर्षं मुलासाठी तपासण्या, उपास, दंडातले धागे आणि लोकांचे प्रश्न सोसलेल्या बाईला डोकेदुखीचं काय कौतुक. तिची नजर अडकली ती शेवटच्या, एकेचाळिसाव्या ओळीत. तिथे लिहिलं होतं, स्वभावात बदल.

तिची मामेबहीण शलाका अशाच गोळ्या घेत असताना एक दिवस नवऱ्याच्या घरातून बॅग भरून निघून गेली होती. चार महिन्यांनी परत आली. ती का गेली होती हे तिला कुणी विचारलं नाही. औषधामुळे झालं, एवढं म्हणून सगळे मोकळे झाले, आणि शेवटी शलाकाही तेच म्हणायला लागली. रसिकाला गोळीपेक्षा त्याची धास्ती होती. आपण काहीतरी बोलू, ते आपलं की गोळीचं हे आपल्यालाच कळणार नाही, आणि ज्याला जसं सोयीचं तसं तो ठरवेल.

ही धास्ती तिने डॉ. इनामदारांना सांगितली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी टेबलाच्या खणातून एक पट्टी काढली. अंगठ्याएवढी, कातडीच्याच रंगाची. नाव होतं स्वभान, पण सगळे नुसतं पट्टी म्हणत. दोनेक वर्षांत सांगली-मिरजेतल्या निम्म्याअधिक दवाखान्यांत ती पोचली होती.

डॉ. इनामदार समजावून सांगण्यात हुशार होत्या. आपल्या अंगात आपली स्वतःची संप्रेरकं असतातच, त्या म्हणाल्या. ती महिन्याच्या चालीने वरखाली होतात आणि मनालाही बरोबर नेतात. गोळीने त्यात आणखी भर पडते. आजवर पंचाईत अशी होती की मूळचं किती आणि भर किती, हे एकदा मिसळलं की चहातल्या साखरेसारखं वेगळं काढता येत नव्हतं. या पट्टीच्या पोटाशी केसाहून बारीक सुया असतात. त्या कातडीखालचा ओलावा तपासतात. शिवाय नाडी, झोप, आवाजाचा चढउतार यांवर पट्टीचं लक्ष असतंच. आधी दहा दिवस ती माणसाला औषधाशिवाय मोजते. ते त्या माणसाचं शून्य. पुढे गोळी सुरू झाली की गोळीत मुद्दाम घातलेला एक खूणरेणू तिला सापडतो. नव्या प्रत्येक औषधात तो घालणं आता कायद्याने सक्तीचं आहे. औषध किती आहे ते खुणेवरून कळतं, माणूस मूळचा कसा आहे ते शून्यावरून कळतं. मग आजचा थकवा, आजचा राग, आजचं जडपण यांतलं कुणाचं किती, याचा हिशेब पट्टी रोज सकाळी फोनवर पाठवते. दोनच आकडे. औषधाचे इतके, आपले इतके. बेरीज शंभर.

रसिका हे ऐकून खुशच झाली. ती स्वतः वजनमापं खात्यात निरीक्षक होती. मार्केट यार्डातले, दुकानांतले, पेट्रोल पंपांवरचे काटे तपासून त्यांना सील मारण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. शून्य म्हटलं की तिला आपल्या भाषेतलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? ती म्हणाली, नाही. नवऱ्याच्या, शिवतेजच्या, फोनवरही आकडे यावेत यासाठी दोघांनी सही केली. शून्याचे दहा दिवस गणपती-गौरीत आले. घर पाहुण्यांनी भरलेलं, पुरणाचा घाट, दोन गौरी उभ्या, आणि रसिका दंडावर पट्टी घेऊन सगळीकडे पळतेय. पट्टीने मुकाट्याने तिचं शून्य घेतलं.

विसर्जनानंतरच्या सोमवारी सकाळी तिने तो कागद घडी करून डब्याखाली ठेवला आणि अंकुरीनची पहिली गोळी पाण्याबरोबर गिळली. शिवतेज शेजारी उभा होता. त्याने गमतीने तिच्या कपाळाला हात लावून बघितला. तो गाड्यांच्या बॅटऱ्या तपासण्याच्या कारखान्यात होता, आकडे हीच त्याची दुनिया. माणूस चांगला होता. फक्त कुठलीही गोष्ट आकड्यात आल्याशिवाय त्याला ती घडल्यासारखी वाटत नसे.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात वाफा सुरू झाल्या. तिसऱ्यात असा थकवा आला की यार्डाच्या चार पायऱ्या चढून झाल्यावर ती वजनांच्या पेटीवर बसून घ्यायची. आणि त्याच रविवारी शिवतेजच्या चुलतभावाच्या मुलीचं बारसं होतं. रसिका म्हणाली, मी येणार नाही. सासूबाई, म्हणजे सुनंदाबाई, आत गेल्या आणि भांडी जरा जोरात लावायला लागल्या. शिवतेज हसून म्हणाला की ही एकेचाळिसावी ओळ बोलतेय, तासाभरात उतरेल. रसिकाने फोन त्याच्यापुढे धरला.

औषधाचे ११, आपले ८९.

शिवतेजने आपलाही फोन काढून बघितला. तिथे वेगळं काही असायचं कारण नव्हतं. त्याचं हसू मावळलं आणि तो खुर्चीवर बसला. सहा वर्षांत तो पहिल्यांदाच असा समोर बसला होता, आणि रसिकाने मग सगळं सांगितलं.

"मूल नको असं नाही रे. पण मी थकलेय. बारशाला गेलं की माझ्या मांडीवर बाळ ठेवतात आणि सगळ्याजणी माझ्या पोटाकडं बघतात. माझ्याकडं कुणी बघत नाही. हे असं आणखी वर्षभर मला झेपणार नाही."

त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. बारशाला तो एकटा गेला आणि रसिकाला बरं नाही असं न सांगता तिला यायचं नव्हतं असं सांगून आला. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा तो करायला लागला. पाणचट व्हायचा, पण आयता मिळायचा. त्याने आईलाही बजावलं की रसिकाला या बाबतीत काही विचारायचं नाही, कारण हे तिचं स्वतःचं आहे, गोळीचं नाही. सुनंदाबाईंनी आधी फोनवरचा आकडा डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि मगच मान हलवली. त्या दिवसापासून जोतिबाचा अंगारा देव्हाऱ्यातच राहिला, रसिकाच्या उशाखाली आला नाही.

रसिकाला यात सुख होतं आणि त्याच्या खालोखाल एक खंतही होती. सुख हे की घरात तिचं म्हणणं ऐकलं जात होतं. खंत ही की रोज सकाळी फोन तिला सांगत होता, हे असलं आंबट, किरकिरं, रडवेलं माणूस म्हणजे तूच. गोळीचा त्यात फारसा हात नाही. अकरा वर्षं काट्यांवर विश्वास ठेवलेली बाई या काट्यावर अविश्वास कशी दाखवणार. तिने मुकाट्याने मान्य केलं की आपण मुळातच अशा आहोत, इतके दिवस कळलं नव्हतं इतकंच.

पहिल्या फेरीला यश आलं नाही. डॉ. इनामदारांनी आकडे चाळले आणि म्हणाल्या की शरीर औषध छान सोसतंय, दुसऱ्या फेरीला मात्रा वाढवू. पट्टी आल्यापासून फेरीच्या मधल्या सोनोग्राफ्या बंद झाल्या होत्या. औषधाचे साठच्या वर गेले तरच करायची, असा नियम. दुसऱ्या फेरीत रसिकाचं ओटीपोट तटतटलं, सलवारीची नाडी रोज थोडी सैल बांधावी लागायची, आणि दिवाळीच्या फराळाची कढई उचलताना तिला धाप लागली. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी आधी आकडाच पाहिला. औषधाचे १४. सणाची दगदग असेल, त्या म्हणाल्या, आराम करा. तिसरी फेरी भाऊबीज झाल्यावर, शुक्रवारपासून. मात्रा आणखी दीडपट.

बुधवारी रसिका यार्डात बेदाण्याच्या अडत्यांचे काटे तपासायला गेली. दिवाळीनंतरची ही तपासणी दरवर्षीचीच. मगदूम अडत्यांच्या गाळ्यात काटा अजून सजलेला होता. कडेला झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आकड्यांच्या काचेवर हळदकुंकवाची बोटं, वर चिकटलेल्या अक्षता. हमालाने वीस किलोचं प्रमाण वजन काट्यावर ठेवलं. आकडा आला एकोणीस किलो चारशे साठ.

मगदूम साठीचे, सरळ माणूस. ते गोंधळून गेले. काटा कमी दाखवतो हे त्यांना खरंच वाटेना. उलट रिकामा असताना तो पाचशे चाळीस ग्रॅम जास्तच दाखवत होता, म्हणाले. शेतकऱ्याचंच भलं होतंय म्हणून आम्ही तसाच ठेवला. रसिकाने वजन उतरवायला सांगितलं. रिकाम्या काट्यावर आकडा आला, शून्य पूर्णांक पाचशे चाळीस. तिने खाली वाकून काचेच्या डाव्या कडेचं वाळलेलं कुंकू अंगठ्याने खरवडलं. त्याखाली वजाची आडवी रेघ लुकलुकत होती.

"लक्ष्मीपूजनाला काटा चालू केला तेव्हा वर काय होतं?" तिने विचारलं.

"पूजाच होती की. नारळ, विडा. दरवर्षी ठेवतो."

"आणि त्यानंतर काटा बंद केला नाही."

"लक्ष्मी कशी बंद करायची, मॅडम? चार दिवस तसाच चालू ठेवायचा."

"तुमचा काटा खोटा नाही, मगदूमकाका," रसिका म्हणाली. "त्याने शून्य घेतलं तेव्हा वर नारळ होता. त्याला वाटलं, नारळ म्हणजे आपणच. आता नारळ उचलला, तरी प्रत्येक पेटीतून तो नारळाएवढं वजन—"

एवढं बोलून ती थांबली. तिचा हात आपोआप दंडावरच्या पट्टीवर गेला होता.

तिच्या डोळ्यांपुढे श्रावणाच्या शेवटी सासूबाईंनी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवलेली गोळ्यांची चपटी पाकिटं आली. एक रसिकाचं, एक पुण्याहून येणाऱ्या जाऊबाईंचं. गौरी बसायच्या आत अडचण यायला नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. दरवर्षी वाणसामानाबरोबर त्याही येतात. लग्न झाल्यापासून तिने आठ गौरींना त्या घेतल्या होत्या आणि त्याआधी आईकडे चार. त्या घेतल्या की दहा दिवस पोट दगडासारखं होतं, मन पडतं, कुणी काही बोललं की डोळे भरतात. पण सणात बाईला दमायला होणारच, म्हणून त्याकडे कुणी कधी लक्ष दिलं नव्हतं. डॉक्टरांनी दुसरं औषध विचारलं तेव्हा तिला त्या गोळ्या आठवल्याच नाहीत. ते औषध नव्हतंच मुळी. हळदकुंकू, वस्त्रमाळ, कापूर आणि त्या गोळ्या, असं ते सामान होतं. आणि त्या पन्नास वर्षं जुन्या, स्वस्त, खूणरेणूचा पत्ता नसलेल्या गोळ्या. पट्टीला त्या दिसणार कशा? पट्टीला वाटलं, ही जड, पडलेली, रडवेली बाई म्हणजेच रसिका. मग अंकुरीनने तिला तसंच जड आणि रडवेलं केलं तेव्हा पट्टीला नवं काही दिसलंच नाही.

तिने मगदूमांचा काटा बंद केला, पुसला, रिकामा चालू केला. वीस किलो ठेवल्यावर वीस किलो आले. तिने सील मारलं. आतापर्यंत तोललेल्या पेट्यांच्या शेतकऱ्यांना बोलावून फेरतोल करा, एवढं सांगून ती बाहेर आली आणि गाळ्याच्या पायरीवर बसली.

समोर दोन वाटा होत्या आणि तिला दोन्ही नकोशा होत्या. गप्प बसलं तर शुक्रवारपासून दीडपट मात्रा. गेले दोन-तीन आठवडे सुजत चाललेलं पोट आणि ती धाप म्हणजे दगदग नव्हे, हे आता तिला स्वच्छ कळत होतं. आणि सांगितलं तर पट्टी त्या गोळ्या शून्यातून वगळून मागचा सगळा हिशेब बदलणार. ते आकडे शिवतेजच्या फोनवर जाणार. बारशाच्या दिवशी खुर्चीत बसून ती जे बोलली, ते सहा वर्षांतलं तिचं एकुलतं एक ऐकलेलं बोलणं गोळीच्या खात्यावर जमा होणार. महिनाभर तिला घरात जो मान मिळाला तो एका चुकलेल्या काट्याने दिलेला होता. मगदूमांना ती आत्ताच फेरतोल करायला सांगून आली होती. आपल्या बाजूने झुकलेला काटा म्हणून तो तसाच ठेवावा, हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. चांगली पाचेक मिनिटं तो मनात राहिला. मग तिने डॉ. इनामदारांना फोन लावला.

दुपारी सोनोग्राफी झाली. लिंबाएवढे असायचे ते दोन्ही बीजकोश संत्र्याएवढे झाले होते आणि पोटात पाणी धरायला सुरुवात झाली होती. डॉ. इनामदारांनी पडद्यावरून नजर काढली तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. शुक्रवारची गोळी घेतली असती तर आठवडाभर ॲडमिट राहावं लागलं असतं, त्या म्हणाल्या, आणि ते बरं म्हणायचं असं काही बायकांचं झालेलं आहे. मग त्यांनी त्या गोळ्यांबद्दल विचारलं. रसिका म्हणाली, गौरीसाठी घेतल्या होत्या. यावर डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, पण रागाने नव्हे. त्यांनीही दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्या घेतल्या होत्या. त्यांना आठवलं की गणपतीच्या महिन्यात पट्टी लावलेल्या त्यांच्याच सतरा बायका आहेत. त्या लगेच एकेकीला फोन लावायला बसल्या.

उपचार दोन महिने बंद. नवं शून्य, मग कमी मात्रेने पुन्हा सुरुवात. डॉक्टरांनी गौरीच्या गोळ्यांची नोंद घातल्यावर पट्टीने जुना हिशेब दुरुस्त केला आणि दवाखान्याच्या आवारात गाडीशी उभ्या असलेल्या शिवतेजचा फोन वाजला. बारशाच्या रविवारचा आकडा आता असा होता: औषधाचे ७४, आपले २६.

शिवतेज आधी घाबरला होता. तिच्या पोटाचं ऐकून त्याचा चेहरा पांढरा पडला होता. पण आकडा वाचल्यावर तो इतका सैलावला की रसिकाला त्याची दया आली. महिनाभर तो बिचारा अशी समजूत करून चालला होता की आपली बायको मुळातच दुःखी आहे. तिचा हात धरून तो म्हणाला, "म्हणजे ती तू नव्हतीसच की."

रसिकाला उत्तर द्यायचं होतं. पण धाप लागलेली, पाय सुजलेले, आणि तो खरोखर आनंदात होता. तिने गाडीत बसून डोळे मिटले. घरी पोचेपर्यंत त्याने भावाला आणि चुलतभावालाही फोन करून कळवलं होतं की ती सगळी औषधाची भानगड होती.

संध्याकाळी सुनंदाबाई भाजी निवडत बसल्या होत्या. शिवतेजने त्यांना दुरुस्त आकडा दाखवला, गौरीच्या गोळ्यांचा घोळ समजावून सांगितला आणि तो अंघोळीला गेला. सासूबाई आता म्हणतील, मला वाटलंच होतं, अशी रसिकाची खात्री होती. पण त्या निवडायच्या थांबल्या. मेथीची एकच काडी हातात घेऊन बसल्या होत्या.

"मी एकोणतीस वर्षं घेतल्या," शेवटी त्या म्हणाल्या. "सणात मी खवळायची. ह्यांच्या अंगावर जायची, पोरांना मारायची, मग न्हाणीघरात जाऊन रडायची. माझ्या सासूबाई म्हणायच्या, हिला सण सोसत नाहीत, हिचा स्वभावच वाकडा. मलाही तसंच वाटायचं. गौरी यायच्या म्हटलं की मी स्वतःलाच भ्यायची."

रसिका त्यांच्याजवळ सरकून बसली. तिने अर्धी मेथी आपल्यापुढे ओढली. थोड्या वेळाने सुनंदाबाईंनी विचारलं की त्यातलं त्यांचं किती आणि गोळीचं किती, हे आता काढता येईल का. रसिका म्हणाली, नाही, त्याला आता उशीर झाला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "काही काही माझंही होतंच."

सकाळी रसिका स्वयंपाकघरात आली तेव्हा चहा झालेला नव्हता. शिवतेज टेबलाशी फोन बघत बसला होता. आज चहा तू करतेस ना, त्याने सहज विचारलं. त्यात वाईट हेतू काही नव्हता. आकडा बदलला होता आणि त्याबरोबर तोही आपल्या जागी परत गेला होता, इतकंच. सासूबाई देव्हाऱ्यातली फुलं काढत होत्या.

रसिकाने आधण ठेवलं. मग बाही वर करून पट्टीची एक कड नखाने सोडवली आणि सावकाश ती सगळी ओढून काढली. दंडावर अंगठ्याएवढा फिकट चौकोन राहिला. पट्टी तिने ओट्यावर ठेवली, डब्याखाली घडी करून ठेवलेल्या कागदाच्या शेजारी.

अकरा वर्षांत तिने हजारो काटे तपासले होते. काटा तपासायचा तर बाहेरचं एक प्रमाण वजन लागतं, ज्याबद्दल कुणाचा वाद नाही. माणसासाठी तसं वजन कुठल्याही खात्याच्या कपाटात नाही. दहा दिवस औषध न घेतलेली रसिका खरी धरायची, तर त्या दहा दिवसांत तिने गौरी उभ्या केलेल्या असतात, किंवा कुणाचं बारसं असतं, किंवा निदान तिला मुलाची वाट पाहायला लावलेलं असतं. रिकामा काटा तिला स्वतःपुरता तरी कधी मिळालेला नव्हता. हे तिला रात्रीच कळून चुकलं होतं. आता ती फार दमलेली होती आणि सांगायचं एकच होतं.

"शिवतेज, बारशाच्या दिवशी मी जे बोलले ते मी आजही बोलतेय. दोन महिन्यांनी मी गोळी सुरू करणार नाही. पुढं कधी करेन की नाही, मला माहीत नाही. आत्ता नाही."

शिवतेजने मान वर केली. त्याची नजर सवयीने तिच्या दंडाकडे गेली, तिथला फिकट चौकोन पाहून अडखळली आणि टेबलावरच्या फोनकडे वळली. फोनवर काही आलं नव्हतं. तो पुन्हा दंडाकडे बघायला लागला. बोलायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात देव्हाऱ्यापासून सुनंदाबाईंचा आवाज आला. त्या वळल्याही नव्हत्या, त्यांच्या हातातली कालची फुलं तशीच होती.

"तिच्या दंडाकडं काय बघतोस? तोंडाकडं बघ की."

त्याने बघितलं. आधण उकळून वर आलं होतं, पण ती तशीच उभी राहिली. मग शिवतेज उठला आणि त्याने गॅस बारीक केला.